उजव्या हाताचे कागद

१४ जानेवारी

प्रिय मामा,

काल परवाना कचेरीतल्या सात नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी पक्कं सांगितलं, आणि मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मला एकदाच, पंधरा दिवसांसाठी, घरी येऊन परत जाता येईल. त्यासाठी एक पिवळी चिठ्ठी देतात. ती एकतीस मार्चपर्यंत वापरायची, नाहीतर रद्द. एक एप्रिलला माझं इथे राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला जाणार. त्याला सहा-सात महिने लागतात, आणि तेवढ्यात मी बाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद, कार्ड बाद, नोकरीही बाद.

"आई आजारी असली तरी?" मी विचारलं.

"या रांगेतल्या सगळ्यांच्याच आया आजारी असतात," त्या म्हणाल्या. वाईट नाहीत बाई. माझ्यामागे चाळीस माणसं उभी होती.

आता तू सांग, येऊ की थांबू? आईला झटका येऊन दहा आठवडे झाले आणि तू प्रत्येक पत्रात लिहितोस, 'सुधारणा आहे.' तू दुकानांच्या पाट्या रंगवतोस ना, तुझी पत्रंही तशीच असतात, लांबून वाचायची. मला जवळचं हवंय. फोनसाठी तिला मोठ्या टपाल कचेरीत न्यावं लागेल, आणि नेली तरी तिला बोलता कुठे येतंय. तोंड वाकडं झालं म्हणून फोटो ती काढू देत नाही.

तेव्हा एक कर. रोज तिचा उजवा हात कागदावर ठेव आणि भोवतीनं पेन्सिल फिरव. सोबत पन्नास कागद पाठवतेय. खाली दोन टिंबं आहेत, त्यांवर मनगटाच्या दोन कडा येऊ देत, म्हणजे सगळे हात बरोबर एकावर एक बसतील. हात उघडतोय की नाही ते मला त्यावरून कळेल. कागद भराभर उलटून चित्रं हलती करणं हेच तर माझं काम आहे. कागद बघून ठरवते.

तुझी,
टाचणी

४ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

कागद मिळाले. पोस्टमन म्हणाला, "पेंटर, कोरे कागद परदेशातून मागवता?" म्हटलं, इथल्या कागदांवर माझा विश्वास उडालाय.

ताईला समजावण्यात दोन दिवस गेले. तिच्याकडे सध्या एकच शब्द शिल्लक आहे, 'बरं'. पाणी हवं का? बरं. दुखतंय का? बरं. डॉक्टर गाढव आहे का? बरं. हे शेवटचं तिनं मनापासून म्हटलं, असं शेजारच्या काकूंचं मत आहे. काकू दुपारी दोन तास बसतात, मी तेवढ्यात कामं उरकतो.

पहिल्या दिवशी मी पेन्सिल टेकवली तशी तिनं डाव्या हातानं मला चापट मारली. मी करंगळीपासून सुरू केलं होतं. तिला मनगटापासून हवं होतं. चाळीस वर्षं शर्ट बेतणाऱ्या बाईच्या हाताचा बेत काढायचा म्हणजे चेष्टा नाही. आता रोज सकाळी चहानंतर काढतो. आठ कागद पाठवतोय.

अंगठा हलतो. बाकीची बोटं अर्धवट आत वळलेली आहेत, ती मी दाबून जरा पसरतो तेव्हा कागदाला टेकतात. डॉक्टर म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं.

येऊ का म्हणून मला विचारू नकोस. तू आलीस तर ती सुखावेल. पंधरा दिवसांनी परत निघालीस की काय होईल, ते इथे बसून मला बघावं लागेल. कागद बघ आणि तूच ठरव.

मामा

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आठही हात आले. तू कधी इतकी वेडीवाकडी रेघ काढली असशील असं वाटलं नव्हतं. फार छान आहे.

इथे स्टुडिओत मला सगळे 'छापखाना' म्हणतात. बाकीचे लोक डोळे मिटून घोडा पळवतात, माणूस उडवतात. मला मनानं काही काढताच येत नाही. जे कागदावर टेकवता येतं तेवढंच मी काढते. कप, चावी, बूट, माझा स्वतःचा कोपर. भोवतीनं रेघ, वस्तू केसभर सरकवायची, नव्या कागदावर पुन्हा रेघ. खोडरबर माझ्या टेबलावर नाही. आईनं कापड बेतताना कधी खोडलं होतं का? चुकलं की तो तुकडा बाजूला, दुसरा घे. आमच्या मुख्य बाईंनी मला ठेवून घेतलं ते याचसाठी. म्हणाल्या, "तुझ्या रेघेच्या आत काहीतरी खरंच ठेवलेलं होतं, हे कळतं."

आता त्यांनी मला चार मिनिटांची फिल्म दिली आहे, माझी स्वतःची. दोन हात एका शर्टाची बाही शिवतात, बस. चेहरा नाही, आवाज फक्त मशीनचा. फिल्म मेअखेर पुरी झाली तर स्टुडिओ माझ्यासाठी कार्डाचं पत्र देणार.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा बसतात. आयुष्यभर चित्रं हलवली त्यांनी. त्यांना आईचे कागद दाखवले. त्यांनी ते बोटांत धरून फरफर उलटले आणि म्हणाले, "रोज एक कागद? सेकंदाला चोवीस लागतात. म्हणजे तुझ्या आईचा महिना पडद्यावर सव्वा सेकंद." मला हसू आलं, आणि अर्ध्यावरच थांबलं.

पण मामा, आठ कागद उलटले तरी हात थरथरतो. तर्जनी एका बाजूला जाते, परत येते. किती वेळा उलटले असतील! पुढचे लवकर पाठव. मार्च संपायच्या आत मला ठरवायचं आहे.

तुझी,
टाचणी

८ मार्च

प्रिय टाचणी,

सोबत बत्तीस कागद. क्रमानं लावले आहेत, कोपऱ्यात तारीख आहे. बोटं सुटतायत, तूच बघ.

इथे दातांच्या डॉक्टरनं नवी पाटी काढायला सांगितली. त्याला दात हसरा हवा. म्हटलं, दाताला तोंड काढलं तर त्या तोंडात पुन्हा दात काढावे लागतील, मग त्यांचं काय? तो विचारात पडला. चार दिवस झाले, अजून विचारातच आहे. शेवटी मी नुसता ब्रश काढून दिला. पिवळा रंग हल्ली फार पातळ येतो, दोन हात मारावे लागतात. शिडीचं एक पाऊल निखळलं होतं, ते सुताराकडून बसवून घेतलं.

ताईचं जेवण ठीक आहे. डॉक्टर येऊन गेले. वेळ द्या म्हणाले.

तू तुझ्या कामाकडे लक्ष दे. फिल्म मेअखेर व्हायला हवी ना?

मामा

२० मार्च

प्रिय मामा,

काल पाकीट आलं. अंगातला कोट न काढताच मी ते टेबलावर फोडलं. आठ आणि बत्तीस, चाळीस कागद एकत्र लावले आणि उलटले. मामा, हात उघडतो! आधी बोटं आत वळलेली, मग तर्जनी सरळ, मग मधलं, शेवटी करंगळी. मी ओरडलेच. आजोबांनी घाबरून चष्मा शोधला.

आज सकाळी सात नंबरच्या खिडकीवर जाऊन पिवळी चिठ्ठी नको म्हणून सांगितलं. त्या बाईंनी विचारलं, "विचार केलात ना? पुन्हा मिळत नाही." मी म्हटलं, "आई बरी होतेय."

आत्ता पंधरा दिवस येऊन, रडून, परत पळण्यापेक्षा ऑक्टोबरात नवीन कार्ड घेऊन दोन महिने येईन. तोवर ती मशीनवर बसायला लागलेली असेल. मला शिव्या घालण्यापुरते शब्दही आले असतील.

तिला हे सगळं सांग. तिच्या हाताचे हे कागद फिल्मच्या सुरुवातीला घालतेय, हेही सांग. मुख्य बाई म्हणाल्या, यापेक्षा चांगली सुरुवात असू शकत नाही.

तुझी,
टाचणी

९ मे

प्रिय मामा,

एप्रिलमधल्या माझ्या दोन पत्रांना तू फक्त कागद पाठवलेस, उत्तर नाही. आता एका प्रश्नाचं उत्तर दे.

मंगळवारी आम्ही फिल्मची सुरुवात पहिल्यांदा पडद्यावर बघितली. हात भिंतीएवढा होता. सगळ्यांना आवडली. दिवे लागल्यावर आजोबा माझ्या शेजारी सरकले आणि हळूच म्हणाले, "पहिला हात तुझ्या आईचा. नंतरचा कोणाचा?"

"सगळे तिचेच आहेत," मी म्हटलं.

"नाही गं. मध्ये हात बदलला. पहिला जिवंत आहे, दुसरा सुंदर आहे."

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग सगळे कागद प्रकाशाच्या काचेवर ठेवून बघितले.

हात खरोखर कागदावर असला की दोन बोटांच्या बेचकीत पेन्सिल शिरत नाही. ती बाहेरूनच वळते, तिथे रेघ गोल आणि जाड होते. एकोणीस फेब्रुवारीपर्यंत सगळ्या बेचक्या गोल आहेत. वीस तारखेपासून टोकदार. एकूण एक. रेघ बोटाच्या टोकाकडून खाली येते, तू अक्षराची उभी रेघ काढतोस तशी. थरथर नाही. मनगट नेमकं टिंबांवर, एकदासुद्धा चुकलेलं नाही.

मामा, वीस फेब्रुवारीपासून कागदावर कोणाचा हात होता?

टाचणी

२२ मे

टाचणी,

कोणाचाच नव्हता.

वीस तारखेला सकाळी ताईचा हात उघडला नाही. मूठ इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतलेली. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडले, असं होतं, बहुतेक आता असंच राहील. आत कापडाची गुंडाळी ठेवायला सांगितली. मी ती मूठ कागदावर ठेवली, तर तिनं हात ओढून पांघरुणाखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा पुन्हा 'बरं, बरं' म्हणत राहिली. मला नाही बघवलं.

त्या दिवशी आदल्या दिवसाचा कागद समोर ठेवून एक हात काढला. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी करंगळी जरा सरळ काढली. तुला ठाऊक आहे, मला वाकडं अक्षर सोडवत नाही. मग बोटं आपोआप उघडत गेली.

पाटी रंगवताना आम्ही आधी अक्षर आखून घेतो आणि मग रंग भरतो. मला वाटलं, मी आखून ठेवतो, ताई मागून भरत येईल.

चिठ्ठीची तारीख मला माहीत होती. माहीत नव्हती असं लिहिणार नाही. आठ मार्चला पाकीट पेटीत टाकताना हात थांबला होता. मग वाटलं, पोरीचं काम चाललंय, इकडे येऊन मूठ बघून ती काय करणार? आणि ताईसुद्धा तुझं नाव काढलं की दाराकडे न बघता मशीनकडे बघते. म्हणजे तू काम करावंस असं तिला वाटतं, असा अर्थ मी लावला. तिला तसं म्हणायचं होतं की नाही, देव जाणे.

तुझं मार्चचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. चिठ्ठी परत केल्याचा भाग गाळला.

मामा

५ जून

मामा,

मी तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं आहे, हेही मनासारखं नाही, पण जाऊ दे.

सात नंबरच्या खिडकीवर गेले होते. बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणाला होतात." सही काढून दाखवली. माझीच होती. मी म्हटलं, मला चुकीचं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "कोणी कळवलं होतं?" मी तुझं नाव सांगितलं नाही. कार्डाचा अर्ज मागे घेऊन घरी गेले तर काय होईल, असं विचारलं. कार्ड जाईल, नोकरी जाईल, आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. हे सगळं त्या एका दमात बोलल्या. रोजच बोलत असणार.

मग मुख्य बाईंकडे गेले. म्हटलं, फिल्मच्या सुरुवातीचा हात खोटा आहे, तो काढायचा आहे. त्यांनी टेबलावरची वही उघडून तारीख दाखवली. "फिल्म सोमवारी रवाना झाली," म्हणाल्या. "तिच्याच जोरावर तुझं पत्र दिलंय. तो हात सगळ्यांना आवडलाय." मी म्हटलं, तो माझ्या मामाच्या डोक्यातला हात आहे. "मग तुझा मामा फार चांगला चित्रकार आहे," त्या म्हणाल्या. खरंच तसं वाटलं त्यांना. तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहिलं.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं. पण कागद बघून ठरवते असं मीच म्हटलं होतं. आणि वीस फेब्रुवारीच्या कागदावरची ती टोकदार बेचकी मला मार्चमध्ये दिसली नाही, मेमध्ये दिसली. दिवसभर रेघाच बघणाऱ्या मला. बघायची नव्हती म्हणूनच ना?

सोबत आणखी पन्नास कागद आहेत. आता मूठ काढ. आहे तशी. तिला नको असेल तर काढू नकोस. पण काढलीस तर हातच कागदावर ठेव, आणि एकही रेघ सरळ करू नकोस.

टाचणी

१० जुलै

प्रिय मामा,

बारा कागद मिळाले. सोबत पत्र नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

पहिल्यांदा बघितले तेव्हा काही कळेना. बटाट्यासारखा एक आकार, एका बाजूला अंगठ्याचा उंचवटा, बस. मनगट दोन्ही टिंबांच्या बाहेर. तीन नंबरच्या कागदावर पेन्सिल घसरून पार कडेपर्यंत गेलीये. तिनं चापट मारली असणार.

मग उलटले. मामा, मूठ श्वास घेते. वरची कड जराशी फुगते, बसते, पुन्हा फुगते. आजोबांनी कागद माझ्या हातातून घेतले, दोनदा उलटले, आणि परत दिले. मग उठून खिडकी उघडली, बंद केली, जागेवर येऊन बसले.

मी त्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून बघितली. माझी मोठी आहे. तिचा हात माझ्यापेक्षा लहान आहे हे मला माहीतच नव्हतं.

हे कागद कोणत्याही फिल्मसाठी नाहीत. रोज कामाला बसण्याआधी एकदा उलटते, अर्ध्या सेकंदात संपतात. अजून पाठव. कार्डाचं ऑक्टोबरऐवजी डिसेंबर होईल असं कचेरीतल्या फलकावर लावलंय. कोणाला विचारायचं, ते लिहिलेलं नाही.

तिला सांग, चिठ्ठी मी परत केली होती. गाळू नकोस.

तुझी,
टाचणी

२८ जुलै

प्रिय टाचणी,

काल आपल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि आज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं. गेल्या आठवड्यात ताईला आणखी एक झटका येऊन गेला. लहान होता. झोपेत आला असणार, आम्हांला कळला नाही. गिळणं गेलं आहे. पाणीसुद्धा छातीत जातं. परवा, गुरुवारी, तिला दाखल करून नाकातून नळी घालणार आहेत. सही मी केली. तू केली असतीस, पण तुझी सही यायला बारा दिवस लागतात.

फोन करायला टपाल कचेरीत गेलो होतो. अर्जसुद्धा भरला. मग खिडकीशी उभं राहून वाटलं, तुला काय विचारू? तू हो म्हणालीस तरी गुरुवार आहे, नाही म्हणालीस तरी गुरुवार आहे. अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. भित्रा आहे मी, टाचणी. तुला ते आता माहीत झालेलंच आहे.

चिठ्ठीचं मी तिला सांगितलं. तुझं जूनचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, माझ्याबद्दलचंही. हे गेल्या बुधवारचं, बहुतेक झटक्याच्या आदल्या दिवशीचं. तिनं ऐकलं. किती समजलं ते मी सांगू शकत नाही, आणि या वेळी बनवून सांगणार नाही. माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

सोबत सव्वीस कागद आहेत. शेवटच्या सहावर मूठ फारशी हलत नाही, तुलाच दिसेल.

नर्सनं आज सगळं समजावून सांगितलं. नळी बसली की पेशंटचे दोन्ही हात मऊ पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधतात, नाहीतर पेशंट नळी ओढून काढतात. मी म्हटलं, बाई, डावा बांधा, उजवी मूठ पाच महिन्यांत उघडलेली नाही, ती काय ओढणार? ती म्हणाली, "नियम दोन्ही हातांचा आहे." तीही वाईट नाही. तिच्याकडे बावीस खाटा आहेत.

हे तुला मिळेल तेव्हा तो गुरुवार होऊन दहा दिवस झालेले असतील. तरी लिहून ठेवतो. गाडी सकाळी साडेसातला येईल. काकू बरोबर येणार आहेत. नळी अकराच्या सुमारास घालतील. संध्याकाळी चार ते पाच भेटायला सोडतात. हात बांधलेले असतील, तेव्हा कागद नेणार नाही. पाचपर्यंत बसेन.

मामा